डेलियाचे कंद आणि दसऱ्याचं कार्ड

आईने दिलेले डेलियाचे आठही कंद मी एका वर्षाच्या आत संपवले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी माझी बाजू बरीच मांडणार आहे आणि वाचणाऱ्याने तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, रागीट होते, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. राग अजून आहे.

वडील पचमढीला बांधकाम खात्यात मुकादम होते. ते गेले आणि सरकारी क्वार्टर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा मी सासरहून महिनाभर आईच्या मदतीला गेले. भांडी, गाद्या, वडिलांच्या दोन छत्र्या यांची विल्हेवाट चटकन लागली. आई जाणार होती नागपूरला, माझ्या भावाकडे, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिथे तुळससुद्धा रॉकेलच्या डब्यात होती. निघायच्या आदल्या दिवशी तिने माळ्यावरून एक लाकडी खोकं काढलं, त्यातली वाळू सुपात ओतली आणि आठ कंद माझ्यापुढे मांडले. रताळ्यासारखे दिसत, पण झुपक्याने लागलेले आणि ओबडधोबड.

एक गोरा साहेब बंगला सोडून गेला तेव्हा त्याच्या माळ्याने आईला यातला एक कंद दिला होता. त्या एकाचे तिने कितीतरी केले, शेजारणींना वाटले, आणि शेजारणींनी ते दरवर्षी नेमाने थंडीत मारले. फूल काळसर लाल, पाकळ्यांची टोकं तेवढी पांढरी. "आता हे तुझ्यापाशीच आहे. माझ्याकडे दुसरं नाही," आई म्हणाली. "हे गेलं की गेलंच बघ."

कसं सांभाळायचं तेही तिने सांगितलं. पाऊस लागला की लावायचं. फुलं सरली आणि थंडीने पानं काळी पडली की काढायचं, चार बोटं देठ ठेवून वरचं कापायचं, वाळूत घालून घरात उबेला ठेवायचं. "आणि भिजू देऊ नकोस. भिजलं की गेलं." मी हो हो म्हणत भांडी बांधत होते. लहानपणापासून डोळ्यांसमोर पाहिलेलं, त्यात शिकायचं ते काय, असं मला वाटत होतं.

माझं सासर, म्हणजे खरं तर नवऱ्याची नोकरी, चांद्याहून मूल गाव ओलांडून पुढे, वैनगंगेच्या अलीकडे होती. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. नवरा वनखात्याच्या नाक्यावर कारकून. घर कौलारू, मागे सांदवाडी, म्हणजे बांबूच्या कुडाने वेढलेलं परस, आणि परसाच्या पलीकडे तलावाची पाळ. मी कंद दाखवले तेव्हा नवरा म्हणाला, "मला काही विचारू नकोस. मला सागाचं कळतं, आणि तेही तोडलेल्या." त्याने हा शब्द पुढे वर्षभर पाळला.

विचारायला दुसरं माणूस होतं, ती मावशी. तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यातली, माझ्या आईच्या वयाची. सकाळी माझ्याकडे पाणी भरायची, झाडलोट करायची, दुपारी झिंगे नाहीतर बारीक मासोळी विकायला निघायची. मी तिला मावशी म्हणायची आणि ती मला बाई. तिने एक कंद हातात घेऊन फिरवला, नखाने खरवडला, वास घेतला.

"खाते का हे?" तिने विचारलं.

"नाही मावशी, फुलांचे आहेत."

"निसतं फूल? अन् एवढा मोठा कांदा?" तिला ते पटलं नाही. जमिनीखाली एवढं अन्न भरून ठेवणारं झाड नुसतं फुलासाठी लावायचं, याचा तिला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही.

पाऊस लागल्यावर मी कंद लावले. पचमढीतही पाऊस पडतोच की, आणि भरपूर पडतो, पण तिथे अंगण उताराचं होतं, पाणी पडलं की वाहून जायचं. इथे पाणी मुक्कामालाच आलेलं. आजूबाजूला बायका बांधीत, गुडघाभर पाण्याच्या खाचरात, धान लावत होत्या, आणि मी छत्री घेऊन पाच वाफ्यांजवळ उभी होते. उकरून पाहिलं तर पाचही कंदांचा लगदा झाला होता. पडवीच्या पागोळीजवळ उंचवट्यावर लावलेले तीन तेवढे वाचले. ते का वाचले आणि पाच का गेले, हे तेव्हा मला कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून मी दिवसभर नवऱ्याशी बोलले नाही.

त्याच दिवसांत मावशी शिंगाडा लावत होती. मी पाळीवर बसून पाहायची. ती तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शिंगाड्याचा वेल तोडायची आणि एकेक तुकडा पायाच्या अंगठ्याने तळाच्या चिखलात दाबायची. हात वर, बोलणं माझ्याशी, आणि काम खाली पायाने चाललेलं. शिंगाड्याचं बी ती ठेवायची तेही मडक्यात, पाण्याखाली. मी म्हटलं, "कुजत नाही?" तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी.

"पान्यातच रायते बी. वाळलं का मेलं," ती म्हणाली.

आई म्हणत होती भिजलं की गेलं. इथे वाळलं की मेलं. दोघीही आपापल्या जागी ठाम.

तीन रोपं वाढली, आणि अशी वाढली की मला त्यांची भीती वाटू लागली. कमरेच्या वर गेली, पानं हिरवीगार, पण फुलाचं नाव नाही. पचमढीला गणपतीत आमच्याकडे डेलिया असायचा. इथे गणपती गेले, महालक्ष्म्या गेल्या, घट बसले. आईचं कार्ड यायचं, पेन्सिलीने लिहिलेलं, शेवटची ओळ ठरलेली: फुलं आली का? डाक मूलहून यायची, पुरात अडकायची. एका कार्डाला आठ-दहा दिवस लागायचे. मी उत्तरात पावसाचं लिहायची, धानाचं लिहायची, नवऱ्याच्या खोकल्याचं लिहायची. तिसऱ्यांदा तीच ओळ आली, आणि त्याच डाकेने भावाचंही पत्र आलं की आई हल्ली जिना उतरत नाही, दम लागतो.

दसऱ्याच्या दिवशी नवरा सोनं घेऊन आला, मी ओवाळलं, आणि नंतर ओट्यावर बसून आईला खोटं कार्ड लिहिलं. मला ते अजून तोंडपाठ आहे. "आज दसरा. बारा फुलं आली. रंग तोच, काळसर लाल, टोकं पांढरी. एकेक माझ्या तळहाताएवढं. तू काळजी करू नकोस."

आईला बरं वाटावं म्हणून लिहिलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते अगदीच खोटं नाही. पण खरं कारण लाज हेच होतं. कंद मारणाऱ्या शेजारणींना हसणाऱ्या बाईची मी मुलगी, आणि माझ्या हातून फूल येत नव्हतं.

दिवाळीआधी आईचं उत्तर आलं. "बारा ऐकून फार बरं वाटलं. आपल्याकडे दहाच्या वर कधी गेली नाहीत. आता दिवाळी झाली की काढ. शेवटच्या कळ्यांची माया धरू नकोस, त्या मायेपायी कंद जातो."

आणि दिवाळी झाली तर काय? तीनही रोपांना कळ्या लागल्या. हरभऱ्याएवढ्या, हिरव्या, घट्ट. मी त्यांच्यापुढे उभी राहून काही कळेना म्हणून पदराचं टोक चावत राहिले. या पहिल्या कळ्या की शेवटच्या? आमच्या दोघींच्या हिशेबात फुलं होऊन गेलेली होती. तिच्या हिशेबात खरोखर आणि माझ्या हिशेबात कार्डावर. मग या कळ्या शेवटच्याच धरायच्या का? पानं तर काळी पडत नव्हती. थंडी म्हणावी तर पहाटे गोधडी लागायची आणि दुपारी घाम यायचा. पचमढीला या दिवसांत सकाळी पानांवर पांढरा थर असायचा.

शेवटी मी मान खाली घालून आईला खरं कार्ड लिहिलं. फुलं आलीच नव्हती, आता कळ्या आहेत, पानं हिरवी आहेत, काढू का ठेवू? कार्ड टाकलं आणि वाट पाहू लागले. तुळशीचं लग्न झालं. नाक्यावरून लाकडाच्या गाड्या जाऊ लागल्या. मार्गशीर्ष लागला. उत्तर नाही.

एका पहाटे चांगलीच थंडी पडली. विहिरीवरून येताना माझे दात वाजले, आणि माझ्या डोक्यात एकच बसलं की आज नाही काढलं तर उद्या हे मेलं. पाच आधीच गेलेत. आई काय म्हणाली होती? शेवटच्या कळ्यांची माया धरू नकोस. मी पहार घेतली.

मावशी पाण्याच्या गुंड्या घेऊन आली तेव्हा माझं पहिलं रोप आडवं झालं होतं.

"माय वं! बाई, काऊन उपटून राह्यल्या?" ती गुंडी खाली न ठेवताच ओरडली. "कळ्या फुगून राह्यल्या नं!"

"थंडी पडली मावशी. थंडीत मरतं हे."

"कुठी मरून राह्यलं? आता तं कुठी त्याले जीव आला. पावसात नाई मेलं ते, अन् इतक्याशा थंडीनं मरन का?"

"तुम्हाला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं. असंच म्हटलं. आईच्या वयाच्या बाईला. "माझ्या आईने सांगितलंय."

आईचं नाव काढल्यावर तिने गुंडी रिकामी केली. मग कुडापाशी जाऊन उभी राहिली. मी बाकीची दोन रोपं उपटली, चार बोटं देठ ठेवून कापली आणि कळ्यांसकट वरचा सगळा पाला कुडावरून पलीकडे फेकला. कंद हाताला लागले ते बोटाएवढे, पांढुरके, पाणीदार. आईच्या कंदांसारखे अजिबात नव्हते. तरी मी ते धुतले, वाळवले, मडक्यात वाळू भरून त्यात पुरले आणि मडकं उबेला म्हणून चुलीच्या अंगाला ठेवलं.

"भाजून खाता का आता?" मावशीने दुसऱ्या दिवशी विचारलं. मी मडकं आणखी चुलीकडे सरकवलं.

पाचव्या दिवशी आईचं कार्ड आलं. "वेडे, फुललीच नाहीत तर काढतेस कशाला? कंदात अजून काही भरलं नसेल. मला तुझ्या तिथलं काय कळणार, मी ती माती पाहिलेली नाही. तिथल्या कुणाला तरी विचार आणि ती सांगेल तसं कर." बारा फुलांबद्दल एक अक्षर नाही. राग नाही, टोमणा नाही. मी ते कार्ड उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. मग मडक्यातून एक कंद काढून परत मातीत लावला. त्याला आठ दिवसांत वाळवी लागली. उरलेले दोन मी तसेच ठेवले, कारण आता काय करायचं ते मला कुणाला विचारावंसंही वाटेना. जिला विचारायचं तिलाच मी तुम्हाला काही कळत नाही म्हणून बसले होते. ती रोज येत होती, पाणी भरत होती, आणि आम्ही फक्त पाण्याबद्दल बोलत होतो.

पौषात तार आली. नागपूरला पोचेपर्यंत आईला नेलं होतं.

तेरा दिवस मी भावाकडे होते. एका दुपारी आईची उशी उन्हात टाकायला उचलली तर खोळीत माझं कार्ड सापडलं. दसऱ्याचं. घड्या पडून मऊ झालेलं, कोपरे झिजलेले. भावजय म्हणाली, "जिन्यातल्या सगळ्या बायांना दाखवायच्या. जंगलात माझ्या पोरीनं बारा काढली म्हणायच्या." मी विचारलं, कधीपर्यंत? "शेवटपर्यंत की. जायच्या आठवडाभर आधी दूधवाल्या बाईला दाखवलं." खरं सांगणारं कार्ड कुठे होतं? भावजयीला ते ठाऊकच नव्हतं. मी डबे पाहिले, ट्रंक पाहिली, देवाची पोथी झटकून पाहिली. आईने त्याचं उत्तर दिलं होतं म्हणजे ते पोचलं होतं, वाचलं होतं. मग तिने ते फाडलं, का जाळलं, आणि खोटं आहे हे माहीत असताना दसऱ्याचं उशाशी का ठेवलं? मला याचा अर्थ तेव्हा लागला नाही. आज माझं वय आईच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं, तरी रोज वेगळा लागतो. मी ते कार्ड ब्लाउजमध्ये ठेवून परत आले.

परत आल्यावर पहिलं काम म्हणजे चुलीजवळचं मडकं ओतलं. दोन्ही कंद खारकेसारखे सुरकुतलेले, हलके. दाबला तर आत पोकळ. आई गेली तेव्हा मी लोकांत रडले होते, लोक रडतात तसं. त्या वाळूपुढे बसून मी जे रडले ते निराळं होतं. तिने एकच गोष्ट सांभाळायला दिली होती, आणि ती संपली होती, आणि ती मी संपवली होती.

मावशी दारात आली. तिने ओतलेली वाळू पाहिली. मग म्हणाली, "चला बाई, पाळीवर."

"कशाला?"

"चला तं खरं."

माझा जायचा विचार नव्हता. पण तिने माझं मनगट धरलं होतं, आणि जाळं ओढणाऱ्या बाईच्या हातातून मनगट सुटत नाही. कुडाला वळसा घालून आम्ही तलावाच्या पाळीवर चढलो. पलीकडच्या उतारावर, पाण्याच्या अंगाला, मावशीची वांगी आणि मिरच्या होत्या. वांग्यांच्या मागे पाच डेलिया उभे होते. ठेंगणे, तिरपे, बांबूच्या काटकीला जुन्या जाळ्याच्या सुताने बांधलेले. काळसर लाल. टोकं पांढरी.

मला पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. वाटलं, हिने चोरून एखादा कंद काढून आणला. मग वाटलं, माझे तर सगळे कंद मी मोजलेले. मग काही वाटेचना. मी नुसतीच विचारत होते, "हे कुठलं? मावशी, हे कुठून आलं?"

"तुमीच तं फेकलं नं कुडावरून. मले कळ्याइची दया आली. शेंडे तोडले, अन् शिंगाड्याचा येल दाबतो तसे पायानं दाबले इथी वल्यात. कोन जाने लागते का नाई. बाकीचे मेले, पाच लागले." तिने एक काटकी सरळ केली. "तुमाले सांगतलं असतं, पन तुमी रागात होत्या. अन् मंग मायची तार आली."

मी तिथेच मातीत बसले. आईचं फूल होतं ते, नक्की तेच, तोच लाल, तेच जरा वेडंवाकडं पांढरं टोक. आणि आईला ते मी आता कळवू शकत नव्हते. पंधरा दिवस उशीर झाला होता. मावशीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या हाताला मासोळीचा वास येत होता. "मले नाई कळत का?" ती हळूच म्हणाली. हे तिने माझ्या त्या शब्दांवरून म्हटलं की माझ्या दुःखावरून, ते मी विचारलं नाही. मी तिचे पाय धरायला गेले तर ती मागे सरकली आणि मिरचीच्या रोपावर पाय पडला म्हणून स्वतःवरच चिडली.

घरी आल्यावर मी फुलं मोजली, म्हणजे डोळे मिटून आठवून मोजली. सात होती. दुसऱ्या दिवशी जाऊन खरी मोजली, तरी सात. मग मला एक वेडंच लागलं. रोज पाळीवर जायचं आणि मोजायचं. दोन नवी उमलली की तीन जुनी गळायची. कधी आठ, कधी सहा; एकदा नऊ झाली तर मावशीने एक तोडून अंबाड्यात खोवलं, आणि मी तिच्यावर अशी ओरडले की तिला वाटलं हिला वारं लागलं. कार्डाचं तिला मी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी बारा झालीच नाहीत.

चैत्रात ऊन चढलं. मोह पडायला लागला, माणसं पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जाऊ लागली. एका दुपारच्या गरम वाऱ्याने डेलियाची पानं कडेने करपली आणि दोन दिवसांत काळी पडली. मी पाळीवर उभी राहून पाहत राहिले. फुलं सरली आणि पानं काळी पडली की काढ. आईने 'थंडीने' म्हटलं होतं, पण बाकी सगळं तसंच होतं. मी मावशीला हाक मारली.

"मावशी, काढायचे का आता?"

"आता काढा," ती म्हणाली. "आता काहीच नाई त्याच्यात."

पाच रोपांखाली पाच झुपके निघाले, लहान पण भरलेले, साल तपकिरी आणि घट्ट. आईच्या खोक्यात असत तसे. दोन मी मावशीला दिले, तीन मी घेतले, आणि आमचं तिथेच भांडण झालं. ती म्हणे पाण्यात ठेवायचे. मी म्हणे भिजलं की गेलं. ती म्हणे, वाळलं का मेलं, तुमचे वाळले नाई का चुलीपाशी? वाळले तर होतेच. तिने आपले दोन मडक्यात पाण्याखाली ठेवले. मी माझे तीन वाळूत घातले, पण चुलीपाशी नाही. पाण्याच्या घडवंचीखाली, अंधारात, जिथे रांजणाचा गारवा असतो. आईने उबेला म्हटलं होतं. मी गारव्याला ठेवले.

मृगात मावशी मडकं घेऊन आली, नाकाला पदर लावून, आणि हसत होती. "बाई, माह्या मडक्यात तं मासोळी मेल्यावानी वास सुटला." आम्ही दोघी ते मडकं दूर नेऊन ओतलं. माझे तीन वाळूत धड होते. एकाला तर डोळा फुटला होता. मी ते पावसात लावले नाहीत. दसऱ्यानंतर, पाणी ओसरल्यावर, मावशीला विचारून लावले. शेंडे फुटले तसे तिने ते तोडून पायाने दाबले, आणि या वेळी मी पाहिलं, अंगठा कसा तिरपा धरायचा तो. मलाही दोन लावता आले.

पौषात, आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, सकाळी मी परसात गेले. मोजायचं मी एव्हाना सोडलं होतं. पण डोळे आपोआप मोजतात. बारा होती. मी पुन्हा उलटीकडून मोजली. तळहात एका फुलावर धरून पाहिला.

मग घरात येऊन ट्रंकेतून ते कार्ड काढलं आणि नवऱ्याचा टाक घेतला. "दसरा" खोडून वर "पौष" लिहिलं. बाकी एक अक्षरही बदलावं लागलं नाही.